हजार चित्रपटांचा नट : ओकायामा ते क्योतो, ओनोए मात्सुनोसुकेच्या मागावर

जपानी चित्रपटाचा पहिला मोठा तारा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या ओनोए मात्सुनोसुकेने १९०९ ते १९२६ या काळात एक हजाराहून अधिक चित्रपटांत काम केले, आणि त्यांतले आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांविषयी वाचता वाचता काही वर्षांपूर्वी मला हा माणूस सापडला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हा क्योतोमध्ये हा नट महिन्याला आठ-आठ, नऊ-नऊ चित्रपट उरकत होता. फाळक्यांच्या तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली, तसेच याच्या नायिकाही पुरुषच असत. फाळक्यांप्रमाणेच याच्याही पडद्यावर माणसे अदृश्य होत, प्राण्यांची रूपे घेत. दोन्हीकडचे बहुतेक चित्रपट पुढे नष्ट झाले. फाळक्यांची नाशिक आणि त्र्यंबकेश्वर ही ठिकाणे मी पाहिली होती. मात्सुनोसुकेचीही पाहावीत असे तेव्हापासून मनात होते.

माझी भाची नोकरीनिमित्त ओसाकाला असते आणि तिला उत्तम जपानी येते. नोव्हेंबरअखेरीस तिने सुट्टी काढली, राहण्याची व्यवस्था लावली आणि आम्ही निघालो. या दिवसांत क्योतोला मेपलची पाने लाल होतात आणि सारा जपान तिकडे लोटतो, त्यामुळे खोल्या तीन-चार महिने आधी राखून ठेवणे शहाणपणाचे.

पहिला दिवस : ओकायामा

मात्सुनोसुकेचा जन्म १२ सप्टेंबर १८७५ रोजी ओकायामाला झाला. त्याचे खरे नाव नाकामुरा काकुझो. सामुराई घराण्यातला म्हटला तरी घराणे अगदी खालच्या पायरीवरचे, आणि त्याच्या जन्माच्या सुमाराला सामुराई ही पदवीच मोडीत निघत होती. हे कुटुंब आसाही नदीतल्या निशी-नाकाजिमा नावाच्या बेटवजा वस्तीत राहत असे. ओकायामा स्थानकासमोरून सुटणारी ट्राम शहरातून जाऊन क्योबाशी पुलावरून त्या बेटावर येते आणि पुढच्या पुलावरून पलीकडे उतरते. आम्ही पुलाच्या अलीकडे उतरून चालत गेलो. पूर्वी इथे नाचगाण्याची आणि करमणुकीची वस्ती होती. आता लहान घरे, काही बंद दुकाने आणि नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. आभाळ स्वच्छ होते, वारा मात्र बोचरा होता.

पायऱ्यांपाशी एक आजोबा गळ टाकून बसले होते. भाचीने त्यांना मात्सुनोसुकेबद्दल विचारले. नाव ऐकून ते जरा थांबले, मग दोन्ही हातांच्या बोटांनी स्वतःच्या पापण्या ताणून त्यांनी डोळे वटारले आणि हसले. त्यांच्या आईच्या तोंडी हे नाव असायचे, त्यांनी स्वतः एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. मोठाल्या डोळ्यांवरून पडलेले ‘मेदामा नो मात्चान’ हे लाडके नाव त्याच्या गावी अजून अशा हावभावातून टिकून आहे, हे मला त्या दिवशी मोलाचे वाटले.

सहाव्या वर्षी तो ओनोए तामिझोच्या काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी नाटकाच्या, मंडळीबरोबर रंगभूमीवर उभा राहिला. वडिलांचा या धंद्याला विरोध असावा यात नवल नाही. पण पोरवयातच घर सोडून तो फिरत्या मंडळ्यांतून पश्चिम जपानभर हिंडला. आपल्याकडच्या तमाशा फडांचे किंवा संगीत नाटक मंडळ्यांचे जुने दिवस ज्यांना ऐकून ठाऊक आहेत त्यांना हे आयुष्य समजावून सांगायला नको. १९०४ साली त्याने ओनोए मात्सुनोसुके हे नाव धारण केले. मोठ्या शहरांतल्या नामवंत काबुकी घराण्यांत त्याला जागा नव्हती, आणि उड्या, कोलांट्या, क्षणात वेष पालटणे अशा चपळाईच्या खेळांवर त्याने नाव कमावले होते. जाणकार या खेळांना दुय्यम मानत. कॅमेऱ्याला मात्र पुढे नेमके तेच हवे होते.

त्याच्या आयुष्याला वळण मिळाले तेही याच मुलखात. क्योतोच्या सेनबोन-झा या नाटकगृहाचा चालक माकिनो शोझो हा कोन्को पंथाचा अनुयायी होता आणि त्या पंथाचे मुख्य पीठ ओकायामा परगण्यात आहे. तिथल्या यात्रेच्या निमित्ताने आला असता त्याने या मंडळीचा खेळ पाहिला आणि नटाला क्योतोला बोलावून घेतले, अशी हकिकत सांगतात.

ओकायामात जेवणासाठी बाराझुशी मागावी. आंबूस भातावर मासे, भाज्या, अंड्याच्या कातरलेल्या पट्ट्या असा तो रंगीत थर असतो. शाकाहारी माणसाला मासे वगळून मिळणे कठीण जाते, तेव्हा आधी विचारावे. किबी-दांगो ही मऊ गोळ्यांची मिठाई मात्र निर्धास्त घ्यावी. स्थानकातच चांगली मिळते आणि प्रवासात टिकते. संध्याकाळच्या शिंकान्सेन या वेगवान आगगाडीने आम्ही क्योतोला पोहोचलो.

दुसरा दिवस : ताकासे कालवा, शिन्न्यो-दो आणि लाल विटांचे संग्रहालय

मात्सुनोसुकेच्या आधी जे घडले ते पाहिल्याशिवाय त्याची कामगिरी कळत नाही, म्हणून हा दिवस आम्ही त्याच्या पूर्वतयारीला दिला. किया-माची रस्त्यावर ताकासे कालव्याच्या काठी पूर्वी रिस्सेइ नावाची प्राथमिक शाळा होती. तिची जुनी इमारत राखून आता तिथे हॉटेल आणि वाचनालय केले आहे. शाळेच्याही आधी या जागी वीज कंपनीचे आवार होते. इनाबाता कात्सुतारो हा क्योतोचा उद्योजक तरुणपणी फ्रान्समध्ये लियोंला शिकला होता, चलच्चित्राचे यंत्र बनवणाऱ्या ल्युमिएर बंधूंपैकी ओग्युस्त त्याच शाळेचा विद्यार्थी. या ओळखीतून इनाबाताने ते यंत्र जपानला आणले आणि १८९७ साली या आवारात त्याची चाचणी घेतली. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएरचा खेळ झाला होता. म्हणजे आपण क्योतोच्या काही महिने पुढे होतो. इनाबाताने हा व्यवसाय थोड्याच काळात योकोता एइनोसुकेच्या हाती सोपवला. मात्सुनोसुकेचे पहिले चित्रपट या योकोताच्याच कंपनीचे.

तिथून बसने आम्ही शिन्न्यो-दो मंदिराकडे गेलो. योकोताच्या सांगण्यावरून माकिनोने आपला पहिला कथापट, ‘होन्नोजी गास्सेन’, १९०८ साली याच मंदिराच्या आवारात चित्रित केला. आवारात त्याचे स्मारक म्हणून शंभर वर्षांनी, २००८ साली, शिळा बसवली आहे. तीन मजली पागोड्याभोवती मेपल पेटल्यासारखे लाल झाले होते आणि माणसांची ही गर्दी. पण त्या शिळेपाशी थांबणारे आमच्याखेरीज कोणी नव्हते. एका शाळकरी मुलीने आम्हाला शिळेचे छायाचित्र घेताना पाहून आपल्या वडिलांना ती वाचायला लावली. वडिलांनी ती मोठ्याने वाचली, आणि शेवटी आमच्याकडे वळून मान लववली.

दुपारी क्योतो बुन्का हाकुबुत्सुकान, म्हणजे क्योतोचे सांस्कृतिक संग्रहालय. याच्या जोडइमारतीत १९०६ सालची जपान बँकेची लाल विटांची शाखा जपलेली आहे. तिसऱ्या मजल्यावर लहानसे चित्रपटगृह आहे आणि कायमस्वरूपी दालनाच्या तिकिटातच जुने जपानी चित्रपट पाहता येतात. आम्ही माणशी ५०० येन दिले. महिन्याचा कार्यक्रम आधी छापलेला असतो, तो बघून जावे. आम्ही गेलो त्या दिवशी मात्सुनोसुकेचे काही नव्हते, बोलपटाच्या काळातला तलवारींचा चित्रपट होता. प्रेक्षक बहुतेक साठीच्या पुढचे. दिवे लागल्यावर शेजारच्या आजींनी भाचीला आपणहून सांगितले की त्या दर आठवड्याला येतात आणि चित्रपटापेक्षा मागे दिसणारे जुने क्योतो बघतात. कुठले मंदिर, कुठला पूल हे ओळखण्याचा त्यांना छंद आहे. क्योतोमध्ये एदो काळातली, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातली, भिंत, दगडी वाट, नदीकाठ हे सारे दारात उपलब्ध होते, म्हणूनच तलवारपटांची राजधानी इथे झाली. त्या आजींचा छंद म्हणजे या इतिहासाचा उत्तम अभ्यास आहे असे मला वाटते.

तिसरा दिवस : सेनबोन, तेन्जिनची जत्रा, ताइशोगुन, तोजी-इन

आमच्या सहलीचा गाभा हाच दिवस होता, आणि तारीख मुद्दाम २५ धरली होती. दर महिन्याच्या २५ तारखेला कितानो तेन्मांगू देवळात जत्रा भरते; जुने किमोनो, भांडी, पुस्तके, खेळणी यांची शेकडो दुकाने लागतात. सकाळी आठच्या आत पोहोचावे, दहानंतर चालणे मुश्कील होते.

एका जुनेपुराणे विकणाऱ्यापुढे पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांचा डबा होता. या ‘मेन्को’ चकत्या जमिनीवर आपटून दुसऱ्याची चकती उलटवायची, असा मुलांचा खेळ असतो. बहुतेकांवर सैनिक, मल्ल आणि नट छापलेले. डबा चाळताना एक चकती हाती आली. कडा झिजून मऊ झालेल्या, लाल रंग उडून विटकरी झालेला, आणि मध्ये केसांचा बुचडा बांधलेला एक चेहरा, त्यातली बुबुळे पांढऱ्याच्या मधोमध ठिपक्यासारखी उभी. मागच्या बाजूला कुठल्या मुलाने शाईने स्वतःचे नाव लिहिले होते, ते पुसट झाले होते. मी विचारण्याआधीच दुकानदार म्हणाला, “मात्चान!” नाव त्याच्या ओळखीचे होते, पण चकती नेमकी कुठल्या वर्षीची हे त्याला सांगता येईना. ती मी घेतली. या नटाचा खरा प्रेक्षक कोण होता याचा इतका बोलका पुरावा ग्रंथालयात मिळाला नसता.

समीक्षक त्याच्यावर नाराज असत. कॅमेरा एका जागी रोवलेला, नट लांबवर पूर्ण आकृतीत दिसणारे, प्रसंग रंगभूमीवरून जसाच्या तसा उचललेला, लढाई म्हणजे ठरावीक पवित्र्यांचा नाच, अशी त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. फिल्म वाचवण्यासाठी योकोताच्या कंपनीत सेकंदाला जेमतेम आठ चौकटी घेत, त्यामुळे हालचाली तुटक दिसत. पण हे चित्रपट मुलांसाठी, मोलमजुरी करणाऱ्यांसाठी आणि सेनबोनच्या आजूबाजूच्या विणकरांसाठी होते. पडद्याशेजारी बसून कथा सांगणारा बेन्शी त्यांना आवाज देई, आणि मात्सुनोसुकेने डोळे वटारून पवित्रा घेतला की प्रेक्षागृह त्याच्या नावाने दणाणून जाई. फाळक्यांच्या कृष्णाला पाहून लोक पडद्यापुढे हात जोडत, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच मापाने मात्सुनोसुकेला मोजावे, असे माझे मत आहे.

देवळासमोर सावाया नावाचे जुने दुकान आहे. तिथे राळ्याचे मोची मिळतात. राळा शिजवून कुटून, गरम असतानाच हाताने तोडून, काही गोळे गोड लाल डाळीच्या पुरणात आणि काही भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात बुडवून देतात. दाताखाली राळ्याचे कण लागतात. आमच्या आजोळी सणाला राळ्याचा भात होत असे, त्यामुळे ही चव मला अनोळखी नव्हती. हे मोची काही तासांतच कडक होतात, तेव्हा तिथेच बसून खावेत. २६ तारखेला दुकान बंद असते.

तिथून सेनबोन रस्ता चालत गाठता येतो. हा निशिजिनचा, म्हणजे रेशमी विणकामाचा भाग आहे. एका बोळातून अजून यंत्रमागाची खटखट ऐकू आली. सेनबोन-झा हे माकिनोच्या आईच्या देखरेखीखालचे नाटकगृह सेनबोन आणि इचिजो रस्त्यांच्या परिसरात होते. नाटकगृह केव्हाच गेले. दुकाने, दवाखाना आणि राहती घरे यांनी जागा भरली आहे. १९०९ साली मात्सुनोसुकेचा पहिला चित्रपट ‘गोबान तादानोबू’ नाटकगृहामागच्या देवळाच्या आवारात काढला गेला. संहिता कागदावर नसे. माकिनो कॅमेऱ्याशेजारी उभा राहून संवाद ओरडून सांगे आणि नट ते तिथल्या तिथे म्हणत. या पद्धतीला आज कोणी काही म्हणो, पण रात्री नाटक आणि दिवसा चित्रीकरण असे जगणाऱ्या माणसांना पाठांतराला वेळ कुठला?

जवळच नीजो किल्ला. योकोताने १९१० साली किल्ल्याच्या नैऋत्येला क्योतोतला पहिला स्टुडिओ उभारला, तो म्हणजे उघड्यावर बांधलेला लाकडी मंच. सूर्य हाच दिवा होता. याच वर्षी माकिनोने ‘चुशिंगुरा’, म्हणजे धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंची कथा, पडद्यावर आणली आणि त्यात मात्सुनोसुकेने तीन भूमिका केल्या : अन्यायाने मरणारा धनी आसानो, सूडाचा सूत्रधार ओइशी आणि शत्रूच्या बाजूने लढणारा शिमिझू इचिगाकू. या ‘चुशिंगुरा’च्या प्रती टिकून आहेत. त्यात ओइशी बोलत असताना त्याचे खांदे हलत नाहीत, फक्त मान आणि डोळे हलतात. फिरत्या मंडळीत शिकलेली ही शिस्त लांबूनही नजरेत भरते.

१९१२ साली योकोताची कंपनी धरून चार कंपन्या एक झाल्या आणि निक्कात्सु ही मोठी संस्था उभी राहिली. मात्सुनोसुके तिचा कणा झाला. १९१८ साली स्टुडिओ ताइशोगुन वस्तीत आला. आज त्या नावाच्या बाजारपेठेत दुकानदारांनी घरी बनवलेली भुते दाराशी उभी केली आहेत, कारण इचिजो रस्त्यावरून रात्री भुतांची वरात जाई अशी जुनी आख्यायिका आहे. एका भाजीवाल्या बाईंनी पुठ्ठ्याचा, कांद्याच्या डोक्याचा राक्षस आम्हाला प्रेमाने दाखवला. १९२१ सालच्या ‘गोकेत्सु जिराइया’मध्ये मात्सुनोसुके प्रचंड बेडूक होतो, तेव्हा या रस्त्याला साजेसाच तो प्रसंग म्हणायचा. त्या चित्रपटातला सुमारे वीस मिनिटांचा भाग उपलब्ध आहे आणि निघण्यापूर्वी मी तो पुन्हा पाहिला होता. कॅमेरा थांबवायचा, नटाला बाजूला करायचे, बेडकाला आणायचे आणि पुन्हा फिरवायचा, एवढीच युक्ती आहे. पण ज्या वेगाने नट गुडघ्यावर बसून हातांची मुद्रा करतो त्यामुळे डोळा फसतो. बेडूकवाला जिराइया, गोगलगायवाली त्सुनादे आणि सापवाला ओरोचिमारू ही तिन्ही नावे भाचीला आजच्या एका लोकप्रिय कार्टून मालिकेमुळे पाठ होती. “मामा, हे सगळं इतकं जुनं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,” ती म्हणाली. त्या काळी जपानी मुले मुद्रा करून छपरांवरून उड्या मारू लागली आणि पालक धास्तावले, असे सांगतात.

जिराइयाच्याच वर्षी माकिनो निक्कात्सुमधून बाहेर पडला आणि त्याने तोजी-इन मंदिराच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ थाटला. ताइशोगुनहून तोजी-इनला आम्ही पायीच गेलो. बारा-तेरा वर्षे ज्या दोघांनी मिळून शेकडो चित्रपट केले ते इतक्या जवळ राहून प्रतिस्पर्धी झाले, हे नकाशावर कळत नाही, चालल्यावर कळते. मंदिरात माकिनोचा पुतळा आहे. तोजी-इन हे आशिकागा शोगुनांचे, म्हणजे त्या घराण्यातल्या लष्करी शासकांचे, कुलमंदिर. त्यांच्या लाकडी मूर्ती एका दालनात रांगेने बसवल्या आहेत, आणि तळ्याकाठच्या बागेत त्या दिवशी आमच्यासह फार तर दहा माणसे असतील. मेपलच्या हंगामात इतकी निवांत बाग क्योतोत क्वचित मिळते. किंकाकुजी या सोनेरी मंदिराची गर्दी सोसवेना तर इथे यावे.

चौथा दिवस : उझुमासा आणि आराशियामा

रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडला. तोजी-इनजवळून जाणारी रांदेन ही एका-दोन डब्यांची जुनी विजेची गाडी आहे. कुठेही उतरा, एकच भाडे. काताबिरानोत्सुजीला गाडी बदलून आम्ही उझुमासाला गेलो.

माकिनोच्या कंपनीत घडलेला बांदो त्सुमासाबुरो हा नवा तारा १९२५ साली ‘ओरोची’ने गाजला. तो खरोखर धावत होता, धडपडत होता, थकत होता. १९२६ साली त्याने उझुमासाच्या बांबूच्या रानात आपला स्टुडिओ बांधला; तोएइ कंपनीचा आजचा क्योतो स्टुडिओ याच जागी वाढला. १९२८ साली निक्कात्सुही इकडे आली. दाइएइ-दोरी बाजारपेठेत आता एका सुपरमार्केटपुढे दाइमाजिन या पडद्यावरच्या राक्षसदेवाचा अवाढव्य पुतळा आहे, आणि गल्लीत सांकिची इनारी हे चित्रपटवाल्यांचे छोटे देऊळ. देवळाचे आवार झाडणाऱ्या काकूंनी सांगितले की रान तोडल्यावर तिथले कोल्हे बेघर झाले, म्हणून हे देऊळ बांधले.

मात्सुनोसुकेने या नव्या वाऱ्याकडे पाठ फिरवली नाही. हजारावा चित्रपट म्हणून गाजावाजा झालेल्या १९२५ सालच्या ‘आराकी माताएमोन’मध्ये त्याने लढायांची जुनी धाटणी बरीच बदलली. तेव्हा तो पन्नाशीला आला होता. पुढच्याच वर्षी चित्रीकरण चालू असताना तो कोसळला आणि ११ सप्टेंबर १९२६ रोजी, एक्कावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, गेला. अंत्ययात्रेला दोन लाख लोक जमले होते असे म्हणतात.

त्याच वर्षी निक्कात्सुमध्ये ओकोची देन्जिरो आला. रिकामी झालेली जागा त्याने भरली, पण वेगळ्या रीतीने. एक डोळा आणि एक हात नसलेला तांगे साझेन ही त्याची भूमिका जपानला पाठ आहे. त्याची दृष्टी इतकी अधू होती की त्याच्या तलवारीपुढे उभे राहायला सहनट घाबरत. पुढे अकिरा कुरोसावाच्या पहिल्या चित्रपटातला ज्युदो गुरू यानो हाच.

आराशियामाच्या बांबूच्या वाटेच्या टोकाला त्याची ओकोची सान्सो ही बाग आहे. वाटेत छायाचित्रांसाठी एवढी रेटारेटी, आणि फाटकातून आत गेले की ती मागे पडते. १००० येनांच्या तिकिटाने तेवढे तरी नक्की होते. त्यात माच्चा चहा आणि एक गोड वडीही मिळते. १९३१ साली त्याने ओगुरा डोंगराच्या उतारावर जमीन घेतली आणि १९६२ साली मरेपर्यंत, तीस वर्षे, चित्रपटांची कमाई तिच्यात ओतली. पहिली वास्तू ध्यानासाठीचे छोटे देवघर. पावसाने शेवाळ टरारले होते, पायवाटेच्या दगडांवर लाल पाने चिकटली होती, आणि दाइजोकाकु या मुख्य घरापासून सारे क्योतो व त्यामागे हिएइ डोंगर धुऊन काढल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या बाजूच्या टोकावरून होझु नदीची घळ दिसते. शेवटी एका आडोशाला त्याची छायाचित्रे लावली आहेत.

फिल्म फार काळ टिकत नाही, तेव्हा न विरणारे सौंदर्य हवे म्हणून त्याने ही बाग केली, असे इथे सांगितले जाते. त्याच्या डोळ्यांपुढे मात्सुनोसुकेचे उदाहरण असणारच. सेल्युलॉइड ज्वालाग्राही होते. भूकंप, आगी, युद्ध यांत ते गेले, आणि मूकपटांना भाव उरला नाही तेव्हा कंपन्यांनी स्वतः ते मोडीत काढले. कितीतरी चित्रपटांचे तुकडे करून घरगुती हातयंत्रांवर पाहण्यासाठी खेळणी म्हणून विकले. पण मुलांच्या त्या तुकड्यांमुळेच काही चित्रपटांची थोडी दृश्ये आज संग्राहकांच्या हाती आहेत. ओकोचीचा १९२७ सालचा ‘चुजी ताबी निक्की’ तर पूर्ण हरवला असे मानत होते. त्यातला बराच भाग १९९१ साली हिरोशिमात सापडला.

दुपारचे जेवण युदोफूचे. मातीच्या भांड्यात समुद्री शेवाळाच्या पाण्यात तोफू गरम होत असतो, तो काढून सॉसमध्ये बुडवायचा. ओल्या थंडीत याहून बरे काही नाही. मात्र सॉसमध्ये बोनितो माशाचा अर्क असतो. शाकाहारी असाल तर मीठ मागून घ्यावे. नंतर जवळच्या निसोन-इन मंदिरात गेलो. मेपलच्या कमानीखालून चढणारी रुंद वाट आणि वर डोंगरातले दफनस्थान. बांदो त्सुमासाबुरोची समाधी तिथे आहे. पावसाने पायऱ्या निसरड्या झाल्या असतील तर वर जाताना जपावे.

पाचवा दिवस : कामो नदीचा काठ

देमाचियानागी स्थानकापाशी कामो आणि ताकानो नद्यांचा संगम आहे. तिथून थोड्याच अंतरावर, आओइ पुलाजवळच्या बागेत मात्सुनोसुकेचा अर्धपुतळा आहे. आधी वाटेतल्या देमाची फुताबा या दुकानासमोर रांग लावली. तांबड्या वाटाण्यांचे खारट दाणे घातलेला मोची इथला प्रसिद्ध. रांग मोठी दिसली तरी झपाट्याने सरकते, आणि सकाळी लवकर गेल्यास अर्ध्या तासाच्या आत काम होते. मोची घेऊन बागेत गेलो. पुड्या उघड्यावर धरू नयेत. इथल्या घारी वरून झडप घालतात, तशा सूचनाही लावल्या आहेत.

हा पुतळा क्योतो परगण्याने १९६६ साली उभारला. चित्रपटातल्या कामगिरीसाठी नव्हे, समाजकार्यासाठी. अखेरच्या वर्षांत मात्सुनोसुकेने मोठ्या रकमा परगण्याला आणि शहराला गरिबांसाठी दिल्या आणि त्या पैशांतून चाळवजा घरे बांधली गेली. ज्यांच्या पैसा-दोन पैशांवर तो मोठा झाला त्यांच्याकडे तो पैसा त्याने परत वळवला. त्याचे चित्रपट जुनाट ठरवणाऱ्यांनी ही बाजू क्वचितच लिहिली, याचे मला वाईट वाटते.

बाकावर एक वयस्क गृहस्थ रेडिओ ऐकत बसले होते. रोज इथे येतात, पण पुतळा कुणाचा हे त्यांनी कधी नीट पाहिले नव्हते. भाचीने त्यांना सगळे सांगितले, जिराइयाच्या बेडकासह. ते उठून पुतळ्यापाशी गेले, मजकूर वाचला, आणि परत येऊन त्यांनी विचारले, “ती घरं कुठं होती?” ते आम्हाला ठाऊक नव्हते. परगण्याच्या अभिलेखागारात विचारतो, तिथे माझा एक शाळासोबती होता, असे ते म्हणाले आणि भाचीचा पत्ता त्यांनी वहीत लिहून घेतला.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांना एवढेच सुचवतो : ओकायामा एका दिवसात होते, पण क्योतोला किमान चार दिवस द्यावेत, मेपल नको असतील तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जावे, उकाडा असतो पण खोल्या मिळतात, आणि निघण्यापूर्वी ‘जिराइया’ची ती वीस मिनिटे घरी पाहून घ्यावीत, म्हणजे सेनबोनच्या गल्ल्यांतून चालताना काय पाहायचे ते कळेल.